पैशाचें आणि धान्याचें चक्र : एका फ्रेंच वैद्याचा तक्ता

विद्यार्थिमित्रहो, आपल्या चांदवडच्या बाजारांत कांद्याचा भाव उतरला म्हणजे त्याची झळ प्रथम कोणास लागते, असें कोणी विचारलें, तर आपण तात्काळ म्हणाल, शेतकऱ्यास. हें उत्तर बरोबरच आहे. परंतु त्यानंतर ती कोणास लागते? ती कापडवाल्यास लागते, मग शिंप्यास, मग सुतारास, मग सोनारास; आणि फिरत फिरत ती आमच्या वर्गापर्यंत येऊन पोंचते. भाव पडलेल्या महिन्यांत वह्यांची खरेदी आणि सहलीची वर्गणी "पुढच्या आठवड्यांत आणतों, सर" या उत्तरावर कशी लांबते, हें प्रत्येक वर्गशिक्षकास ठाऊक आहे. ज्याच्या शेतांत कांद्याचें एक रोपही नाहीं, त्याच्या घरांत कांद्याचा भाव शिरतो तरी कोणत्या वाटेनें? आणि जो पैसा परवां बाजारांत होता, तो आज एकाएकीं गेला कोठें?

हें कोडें वाटतें तितकें साधें नाहीं. तें नीट मांडून सोडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न अठराव्या शतकांत फ्रान्स देशांत झाला, आणि तो करणारा गृहस्थ कोणी व्यापारी किंवा प्रधान नसून एक वैद्य होता. त्याची ही हकीकत आहे. परंतु तिकडे जाण्यापूर्वीं आपल्याच गांवांतील एका जुन्या गोष्टीचें स्मरण करूं.

चांदवड हें होळकरांचें ठाणें होतें. त्यांचा रंगमहाल आपण सर्वांनीं पाहिला आहे. परंतु तो पाहून येणाऱ्या मुलांपैकीं कितीजणांस हें ठाऊक असतें, कीं एके काळीं याच चांदवडांत रुपये पाडणारी टांकसाळ होती, आणि येथील रुपया 'चांदवडी' या नांवानें ओळखला जात असे? टांकसाळ होळकरांची, परंतु नाण्यावर नांव दिल्लीच्या शहाआलम बादशहाचें, अशी त्या काळची रीति होती. मुलुखांत टांकसाळी अनेक आणि रुपयेही अनेक तऱ्हांचे. एका ठिकाणचा रुपया दुसऱ्या ठिकाणीं नेला, तर सराफ तो वाजवून पाही, पारखी, आणि बट्टा कापून मगच बदलून देई. १८१८ सालीं हा मुलूख इंग्रजांच्या अंमलाखालीं गेला, आणि १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या सर्व मुलुखाकरितां एकच रुपया ठरविला. तेव्हांपासून जुन्या नाण्यांचा काळ सरत गेला.

आतां विचार करा. टांकसाळ गांवांत होती, एवढ्यावरून गांवांतील प्रत्येक मनुष्य संपन्न झाला असेल काय? नाहीं. रुपया पाडणें ही एक गोष्ट. आणि त्या रुपयानें हातोहात फिरून एकाच्या घरीं धान्य, दुसऱ्याच्या घरीं वस्त्र आणि तिसऱ्याच्या घरीं औत-अवजार पोंचविणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिलें काम टांकसाळीचें आहे. दुसरें काम सबंध समाजाचें आहे. देशांत सोनें-चांदी सांठली म्हणजे देश श्रीमंत झाला, अशी समजूत युरोपांतील राजेरजवाड्यांचीही दीर्घकाळ होती. तिला पहिला धक्का देणाऱ्यांत फ्रान्समधील लेखकांची गणना करावी लागते.

रूआं शहरचा एक न्यायाधिकारी, ब्वागिल्बेर यानें १६९५ सालीं फ्रान्सच्या दुःस्थितीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चौदाव्या लुईच्या लढाया आणि थाटमाट यांचा भार शेतकऱ्यांवर पडून ते नागवले गेले होते. ब्वागिल्बेरचें म्हणणें असें, कीं राज्यांत नाणें कमी झालें म्हणून दारिद्र्य आलेलें नाहीं. नाण्याची गति मंदावली म्हणून आलें आहे. गरिबाच्या हातांत पडलेलें नाणें त्याच दिवशीं दुकानांत जातें आणि तेथून पुढें जातें. श्रीमंताच्या पेटींत पडलेलें नाणें तेथेंच निजून राहतें. एका माणसाचा खर्च हें दुसऱ्या माणसाचें उत्पन्न होय. म्हणून गरिबाची खरेदी बुडाली, कीं तिच्यामागून सर्वांचीच मिळकत बुडते.

त्यानंतर आयर्लंडांत जन्मलेला आणि पॅरिसांत सावकारीची पेढी चालविणारा रिचर्ड कँटिलन यानें १७३० च्या सुमारास एक निबंध लिहिला. लेखक १७३४ सालीं मरण पावला आणि निबंध छापला गेला तो १७५५ सालीं. कँटिलनच्या मतें शेतकऱ्याच्या पिकाचे तीन वांटे पडतात : एक जमिनीच्या मालकाचा, दुसरा मजूर, बैल, बीबियाणें इत्यादि खर्चाचा, आणि तिसरा शेतकऱ्याच्या स्वतःच्या नफ्याचा. हे तीन वांटे गांवाकडून शहराकडे आणि शहराकडून पुन्हां गांवाकडे कसे वाहतात, त्यांस किती नाणें लागतें, याचा त्यानें हिशेब मांडला. त्यांतील एक मुद्दा आपणांस सहज पटेल. समजा, खंड वर्षांतून एकदांच द्यावयाचा आहे. मग शेतकऱ्यास मोठी रक्कम एकत्र सांठवून ठेवावी लागेल आणि तितकें नाणें निजून राहील. तोच खंड तीन-तीन महिन्यांनीं चार हप्त्यांत द्यावयाचा ठरला, तर थोड्या नाण्यांत तेंच काम उरकेल. अर्थात् नाणें किती आहे, याबरोबर तें किती वेगानें फिरतें, हेंही पाहिलें पाहिजे.

आतां मुख्य गृहस्थाकडे वळूं. फ्रान्स्वा केने याचा जन्म १६९४ सालीं पॅरिसजवळच्या मेरे नांवाच्या खेडेगांवीं झाला. त्यानें प्रथम शस्त्रवैद्याचा धंदा केला, पुढें वैद्यकांत नांव मिळविलें आणि १७४९ सालीं तो व्हर्सायच्या राजवाड्यांत वैद्य म्हणून राहावयास गेला. पंधराव्या लुईची प्रिय सखी मादाम द पाँपादूर हिचा तो वैद्य होता. राजवाड्याच्या एका माळ्यावर त्याच्या खोल्या होत्या, आणि तेथें त्या काळचे मोठमोठे विद्वान् वादविवाद करावयास जमत. साठी उलटल्यावर या वैद्यानें शेती, धान्य आणि राज्याची मिळकत या विषयांवर लिहिण्यास आरंभ केला. आणि १७५८ सालीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, त्यानें एक तक्ता तयार केला. तोच पुढें 'आर्थिक तक्ता' या नांवानें जगप्रसिद्ध झाला.

रुधिराभिसरणाचा शोध हार्वे यानें १६२८ सालीं प्रसिद्ध केला होता. केनेनें स्वतः रक्तमोक्षावर, म्हणजे रोग्याची शीर तोडून रक्त काढण्याच्या उपचारावर, ग्रंथ लिहिला होता. अशा मनुष्यानें राष्ट्राकडे पाहतांना येथेंही कांहींतरी अखंड फिरत असलें पाहिजे असें मानलें, यांत नवल नाहीं. शरीरांत रक्त किती शेर आहे एवढें सांगून वैद्याचें काम होत नाहीं. तें कोठून निघतें, कोठें जातें आणि परत येतें कीं नाहीं, हें त्याला पाहावें लागतें.

केनेनें राष्ट्रांतील लोकांचे तीन वर्ग कल्पिले. पहिला शेतकरी वर्ग. यास तो 'उत्पादक' म्हणे. दुसरा जमीनमालकांचा वर्ग. यांत राजा आणि धर्मसंस्थाही आल्या, कारण खंड, कर आणि दशमांश यांवर त्यांचा निर्वाह चाले. तिसरा कारागीर व व्यापारी यांचा वर्ग. यास त्यानें 'वंध्य' असें नांव दिलें. या नांवाविषयीं पुढें बोलूं. तूर्त तक्ता कसा चालतो तें पाहूं. त्याचे आंकडे अब्ज लिव्र या मापांत आहेत. लिव्र हें त्या काळचें फ्रेंच चलन. वाचकांनीं हातांत पेन्सिल घेऊन बरोबर हिशेब करावा, म्हणजे गोडी कळेल.

वर्षाच्या सुगीला शेतकरी वर्गाजवळ ५ अब्जांचें पीक आहे. यांपैकीं २ अब्जांचा माल तो घरींच ठेवतो. त्यांत बियाणें, गुरांची वैरण आणि त्याच्या कुटुंबाचें व गड्यांचें पोट आलें. राहिला ३ अब्जांचा माल. तो विकावयाचा आहे. इकडे जमीनमालकांजवळ, गेल्या वर्षीं शेतकऱ्यांनीं दिलेल्या खंडाचे, २ अब्ज रोख आहेत. येथून चक्र फिरूं लागतें.

पहिला फेरा : मालक १ अब्ज देऊन शेतकऱ्यांकडून धान्य घेतात. दुसरा : उरलेला १ अब्ज देऊन ते कारागिरांकडून वस्त्रें व इतर जिन्नस घेतात. तिसरा : कारागीर त्याच १ अब्जाचें धान्य शेतकऱ्यांकडून विकत घेतात, कारण त्यांसही पोट आहे. आतां शेतकऱ्यांजवळ २ अब्ज रोख जमले. चौथा : शेतकऱ्यांचे नांगर, गाड्या, अवजारें वर्षभरांत झिजलीं आहेत, तीं नवीं करण्यासाठीं ते १ अब्ज कारागिरांस देतात. पांचवा : कारागीर त्या १ अब्जाचा लोंकर, कातडें, लांकूड असा कच्चा माल शेतकऱ्यांकडून घेतात. शेतकऱ्यांजवळ पुन्हां २ अब्ज झाले, आणि त्यांचा ३ अब्जांचा मालही बरोबर खपला. हे २ अब्ज ते खंड म्हणून मालकांस देतात. वर्ष संपलें. शेतांत बियाणें पडलें आहे, कारागिराच्या घरीं कच्चा माल आला आहे, मालकाच्या हातीं रोख आली आहे. चक्र पुन्हां पहिल्या ठिकाणीं येऊन उभें राहिलें.

या हिशेबांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. रोख नाणें केवळ २ अब्जांचें होतें, परंतु त्यानें ५ अब्जांची खरेदी-विक्री आणि २ अब्जांचा खंड, इतकें काम केलें. म्हणजे एका नाण्यानें वर्षांत साडेतीन नाण्यांचें काम उरकलें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शेतकऱ्यानें वर्षभरांत घरीं ठेवलेलें धान्य २ अब्जांचें आणि अवजारांवर केलेला खर्च १ अब्जाचा, मिळून त्याचा एकूण खर्च ३ अब्जांचा झाला. पीक मात्र ५ अब्जांचें आलें. हा जो २ अब्जांचा वाढावा, त्यास केनेनें 'निव्वळ उत्पन्न' म्हटलें. एक दाणा पेरला असतां अनेक दाणे येतात, हा निसर्गाचा प्रसाद या वाढाव्याचें मूळ होय, असा त्याचा सिद्धान्त होता. म्हणूनच त्याच्या अनुयायांस फिजिओक्रॅट, म्हणजे निसर्गाची सत्ता मानणारे, असें नांव पडलें.

परंतु तक्त्याचा खरा उपयोग चक्र सुरळीत चालतें तें दाखविण्यापेक्षां तें बिघडतें कसें, हें दाखविण्यांत आहे. समजा, सरकारनें कराचा बोजा शेतकऱ्याच्या वाढाव्यावर न टाकतां त्याच्या बियाणांवर आणि अवजारांवर टाकला. त्या वर्षीं खजिना भरेल. परंतु पुढल्या वर्षीं पेरा कमी होईल, पीक ५ अब्जांचें ४ अब्जांवर येईल, मग खंड घटेल, कारागिरांचें गिऱ्हाईक घटेल, आणि शेवटीं करही घटेल. समजा, मालकांनीं आपली रोख पेटींत पुरून ठेविली. चक्राचा पहिलाच फेरा अडेल. समजा, धान्याचा भाव हुकमानें पाडून ठेविला. शेतकऱ्याच्या हातीं अवजारें नवीं करण्यापुरतेंही पैसे राहणार नाहींत, आणि लोहार-सुतार बसून राहतील. वैद्य जशी नाडी पाहून रोगाचें स्थान सांगतो, तसें या तक्त्यावरून राष्ट्राच्या रोगाचें स्थान सांगतां येतें, असा केनेचा विश्वास होता.

भावाचा हा प्रश्न त्या काळीं फ्रान्समध्यें फार तीव्र होता. पॅरिसच्या लोकांस भाकरी स्वस्त मिळावी म्हणून धान्य परदेशीं पाठविण्यास, आणि पुष्कळदां एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत नेण्यासही, बंदी असे. केनेचें म्हणणें असें, कीं शेतकऱ्यास 'योग्य भाव' मिळाला पाहिजे. धान्य स्वस्त म्हणजे देश सुखी, ही समजूत खोटी आहे. या मताच्या प्रभावानें १७६४ सालीं धान्याच्या निर्गतीस मोकळीक मिळाली; परंतु महर्गता वाढतांच १७७० सालीं ती काढून घेण्यांत आली. पुढें केनेच्या विचारांच्या जवळचा त्युर्गो हा १७७४ सालीं फ्रान्सचा अर्थमंत्री झाला. लिमोज प्रांताचा अधिकारी असतांना त्यानें रस्त्यांच्या कामावर धरली जाणारी शेतकऱ्यांची वेठ बंद करून तिच्या जागीं पैशाचा कर बसविला होता. अर्थमंत्री होतांच त्यानें राज्यांतल्या राज्यांत धान्याचा व्यापार मोकळा केला. दुर्दैवानें त्याच वर्षीं पीक हलकें आलें. १७७५ च्या वसंतऋतूंत भाकरी महागली आणि ठिकठिकाणीं भुकेल्या लोकांनीं पिठाच्या गाड्या व कोठारें लुटलीं. या दंग्यांस 'पिठाची लढाई' असें नांव आहे. १७७६ च्या मे महिन्यांत त्युर्गोस पदावरून दूर करण्यांत आलें.

येथें थांबून दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. शेतकऱ्यास योग्य भाव मिळाला तर पुढल्या वर्षीं पीक वाढेल, हें केनेचें म्हणणें खरें. परंतु ज्या मजुराच्या चुलीवर आज भाकरी नाहीं, त्यास पुढल्या वर्षाचा हिशेब कसा पटावा? तक्ता वर्षाचा असतो आणि भूक दिवसाची असते. त्युर्गोसारख्या सद्भावी मनुष्याचें अपयश या एका वाक्यांत सांगतां येईल.

आतां हे विचार आपल्या देशांत कसे आले तें पाहूं. बंगालमध्यें कंपनी सरकारच्या कौन्सिलांतील फिलिप फ्रान्सिस यानें १७७६ सालीं जमीनसाऱ्याची एक योजना मांडली. तिच्यावर फिजिओक्रॅट मताची छाया होती, आणि १७९३ च्या कायमधाऱ्याच्या मुळाशीं हीच विचारपरंपरा आहे, असें इतिहासकार रणजित गुहा यांनीं १९६३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. आपल्या दख्खनेंतील प्रयोग निराळा. १८३० च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें जमिनीची मोजणी करून असें ठरविलें, कीं पिकांतून शेतीचा सर्व खर्च वजा जातां जें निव्वळ उत्पन्न राहील, त्याचे शेंकडा ५५ सरकारानें घ्यावे. ही कल्पना त्याजकडे रिकार्डो प्रभृति इंग्रज अर्थशास्त्रज्ञांच्या द्वारें आली; तथापि खर्च वजा जातां उरलेला वाढावा हाच कराचा खरा पाया, हा विचार केनेच्या घराण्यांतलाच आहे.

कागदावर योजना सुंदर होती. परंतु प्रत्येक शेताचा खर्च आणि निव्वळ उत्पन्न शोधून काढणार कोण? मोजणींत चुका राहिल्या, हाताखालच्या माणसांनीं लांचलुचपत केली, आकारणी जड झाली, आणि त्याच सुमारास दख्खनेंत धान्याचे भाव उतरले. सारा रोख द्यावयाचा. म्हणजे भाव उतरला कीं तितक्याच रुपयांसाठीं अधिक धान्य विकावें लागणार. कित्येक कुणब्यांनीं जमिनी टाकल्या. अखेर ती पद्धति सोडून द्यावी लागली, आणि गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ पासून इंदापुराकडून नव्या धाऱ्याची सुरुवात केली. निव्वळ उत्पन्न शोधण्याचा नाद सोडून जमिनीचा मगदूर पाहावा आणि तीस वर्षांकरितां सारा बांधून द्यावा, अशी ती नवी रीति होती. तक्त्यांतील आंकडा आणि शेतांतील ढेंकूळ यांत किती अंतर असतें, हें प्रिंगलच्या मोजणीनें दाखविलें.

मराठी भाषेंत संपत्तिशास्त्राचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होऊं लागला. लोकहितवादींचें 'लक्ष्मीज्ञान' हें पुस्तक १८४९ सालचें आहे. परंतु चक्राचा प्रश्न अगदीं मुळापासून मांडला तो जोतीराव फुले यांनीं. त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ सालचा. सर्वांचें पोट भरणारा शेतकरी स्वतः उघडा कां राहतो, त्याच्या श्रमाचें फळ कोणाकोणाच्या घरीं जातें, आणि त्यांतील किती त्याच्या शेताकडे परत येतें, हे त्यांचे प्रश्न होते. केने राजवाड्यांत राहून खंड घेणाऱ्या मालकाचा वांटा न्याय्य मानीत होता. जोतीराव मात्र बांधावर उभे राहून त्याच वांट्याचा जाब विचारीत होते. दादाभाई नौरोजी यांनीं १९०१ सालच्या आपल्या ग्रंथांत सबंध देशाच्या हिशेबानें हेंच दाखविलें, कीं हिंदुस्थानच्या कराचा मोठा भाग विलायतेस जातो आणि तेथून परत येत नाहीं. ज्या चक्रांतून पाणी बाहेर जातें, परंतु माघारीं येत नाहीं, तें चक्र कोरडें पडणारच.

केनेची चूक कोठें झाली, हेंही सांगितलें पाहिजे. कारागीर व व्यापारी यांस त्यानें 'वंध्य' म्हटलें. ते निरुपयोगी आहेत असा त्याचा अर्थ नव्हता. ते जितक्या किंमतीचा माल व अन्न वापरतात तितक्याच किंमतीची वस्तु निर्माण करतात, वाढावा निर्माण करीत नाहींत, इतकाच त्याचा अर्थ. परंतु आपल्या शेजारच्या येवल्याच्या पैठणीकडे पाहा. रेशीम, जर आणि विणकराचें जेवण यांची किंमत एका पारड्यांत घाला आणि पैठणीची किंमत दुसऱ्या पारड्यांत घाला. पारडीं सारखीं राहतील काय? विणकराची अनेक वर्षांची साधना त्या वस्त्रांत उतरलेली असते. आडम स्मिथ हा १७६६ सालीं पॅरिसांत केनेस भेटला होता. केने जिवंत राहता तर आपला ग्रंथ त्यासच अर्पण करण्याचा त्याचा विचार होता. केने १७७४ सालीं वारला आणि स्मिथचा 'राष्ट्रांची संपत्ति' हा ग्रंथ १७७६ सालीं निघाला. त्यांत त्यानें केनेविषयीं फार आदर व्यक्त केला, परंतु कारागिरांस वंध्य म्हणणें चुकीचें आहे, असें स्पष्ट लिहिलें. गुरूची थोरवी मानून त्याची चूक दाखविणें हा विद्येचा शिष्टाचार आहे.

इतकें सांगितल्यावर आपण आपल्या बाजारांत परत येऊं. या तक्त्याच्या साहाय्यानें अलीकडील दोन प्रसंग नीट समजतात. पहिला ८ नोव्हेंबर १९१६ चा नव्हे, २०१६ चा. तो दिवस तुमच्या वडील मंडळींस पक्का आठवत असेल. त्या रात्रीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. देशांतील चलनी नोटांच्या एकूण किंमतीपैकीं सुमारें शेंकडा ८६ इतका भाग त्या नोटांचा होता. शेतांत माल होता, बाजारांत व्यापारी होता, गिऱ्हाइकाच्या घरीं चूलही होती. फक्त मधलें नाणें नाहींसें झालें, आणि नाशिक जिल्ह्यांतील कांद्याचे लिलाव कांहीं दिवस अडले. येथें रोग रक्त कमी झाल्याचा.

दुसरा प्रसंग २०२३ सालचा. त्या वर्षीं १९ ऑगस्टला कांद्याच्या निर्गतीवर शेंकडा ४० जकात बसली, आणि ८ डिसेंबरपासून निर्गत पूर्ण बंद झाली. शहरांत कांदा महागूं नये, हा हेतु. परंतु भाव कोसळले, आणि ११ डिसेंबर रोजीं आपल्याच चांदवडला मुंबई-आग्रा रस्त्यावर शेतकऱ्यांनीं रस्ता रोखून धरला. ती बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली आणि राहिलेली जकात १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली. येथें नाणें भरपूर होतें; परंतु चक्राच्या पहिल्याच आऱ्याशीं, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीशीं, पैशाचा ओघ आटला. १७६४ सालीं पॅरिसांत जो वाद चालला होता, तोच वाद आपल्या गांवच्या रस्त्यावर दिसला. शहरांतील रोजंदार म्हणतो, कांदा मला परवडला पाहिजे. शेतकरी म्हणतो, कांदा मला पिकवितां आला पाहिजे. दोघेही खरें बोलतात. परंतु तक्ता आपणांस एवढें निश्चित सांगतो, कीं स्वस्ताईचा सर्व भार एकट्या शेतकऱ्यावर टाकला, तर त्याची झळ त्याच्या घरीं थांबत नाहीं. ती कापडवाला, सुतार, सोनार असा मार्ग काढीत शाळेच्या दारांत येते. गरिबास स्वस्त अन्न द्यावयाचें असेल, तर त्याची किंमत सर्व समाजानें वांटून घेतली पाहिजे.

केनेचा तक्ता आज जशाच्या तसा कोणी वापरीत नाहीं. परंतु त्याचें बीज मेलें नाहीं. वासिली लिऑन्तिएफ या रशियांत वाढलेल्या अर्थशास्त्रज्ञानें अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत, कोणत्या धंद्याचा माल कोणत्या धंद्यांत किती जातो याचे मोठाले तक्ते तयार केले, आणि आपण केनेच्याच वाटेनें जात आहों, असें सांगितलें. या कार्याबद्दल त्यास १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज बहुतेक मोठ्या राष्ट्रांची सरकारें, आणि आपलें सरकारही, अशा प्रकारचे तक्ते करितात. एका वैद्यानें राजवाड्याच्या माळ्यावर कागदावर ओढलेल्या रेघा दोनशें साठ वर्षांनंतरही पुसल्या गेल्या नाहींत.

विद्यार्थ्यांनो, या सुटींत एक काम करून पाहा. आपल्या घरीं कांदा, टोमॅटो, द्राक्षें, दूध किंवा मजुरी यांचे जे पैसे येतील, त्यांतील शंभर रुपये कोणाकोणास दिले जातात, तें एका वहींत लिहून ठेवा. मग ज्यास दिले त्यास विचारा, कीं तुम्हीं ते पुढें कोणास दिले. चारपांच घरें फिरलांत म्हणजे आपल्या गांवाचा लहानसा तक्ता तुमच्या हातांत येईल. त्यांत एक गोष्ट विशेष लक्ष देऊन पाहा : ते पैसे फिरून पुन्हां शेताकडे किती येतात, आणि मध्येंच कोठें थांबतात. मग पुढल्या वर्षीं एखादा सोबती वर्गणीकरितां "पुढच्या आठवड्यांत आणतों" असें म्हणाला, तर त्याच्याकडे पाहून हसण्यापूर्वीं तुम्ही आपली वही उघडून पाहाल, अशी माझी खात्री आहे.